तीन बाय चार फुटांचं बाळंतपण

गेल्या महिन्यात सोलापुरात एका कार्यकर्त्या मित्राच्या मुलीच्या नामकरणाला गेलो होतो. भाड्याच्या दोन खोल्या. त्यात मित्र, त्याची बायको, आई, कॉलेजात शिकणारा भाऊ, आणि आता हे महिन्याचं बाळ. त्रिशरण-पंचशील झालं तेव्हा निम्मी माणसं जिन्यावर उभी राहून म्हणत होती. जेवणाच्या पंगती गच्चीवर.

मित्रानं मोबाईलवर एक लेख दाखवला. लहान फ्लॅटमध्ये बाळासाठी जागा कशी करावी, याचे सल्ले होते. घडीचा पाळणा घ्या, भिंतीवर कप्पे करा, वर्षभर न वापरलेल्या वस्तू दान करून टाका. तो हसत म्हणाला, "दान काय करू दादा? शिलाई मशीन का आईला?"

त्याची आई तिथंच बसली होती. ती म्हणाली, "आमच्या टायमाला झोळी होती. लेकराला जागा लागतच नव्हती."

त्या माउलीचं वाक्य डोक्यातून जाईना. लेकराला जागा लागत नव्हती, की लेकरासाठी जागा ठेवलेलीच नव्हती? ज्यांच्याकडे जमिनीवर हातभर जागा शिल्लक नव्हती त्यांनी जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला बांधली आणि मूल हवेत वाढवलं. आज लोकसंस्कृती म्हणून तिचे फोटो काढले जातात. माझ्या मते झोळी हा घरांच्या प्रश्नाचा कागद आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे.

तसा वाचायला शंभर वर्षं मागे, मुंबईच्या गिरणगावात जावं लागतं. कारण गिरणी कामगाराच्या बाळंतपणाची सरकारी नोंद तिथं सापडते. मुंबई सरकारनं गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांची पाहणी करायला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना नेमलं होतं. त्यांचा अहवाल 1922 साली सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये आला. त्यात एका चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आहे. लांबी-रुंदी सुमारे 15 फूट बाय 12 फूट. आत सहा कुटुंबं. खोटं वाटू नये म्हणून जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली. लहानमोठी धरून माणसं 30. खोलीतल्या सहा बायकांपैकी तिघी लवकरच बाळंत होणार होत्या. डॉक्टरांनी सोबतच्या नर्सला विचारलं, इथं आडोसा कसा करणार? नर्सनं कोपऱ्यातली एक जागा दाखवली. तीन फूट बाय चार फूट. बाळंतपणाच्या वेळी तेवढ्यालाच पडदा लावायची रीत होती.

हिशेब करून बघा. खोली 180 चौरस फूट, माणसं 30, म्हणजे दरडोई सहा चौरस फूट. बाळंतिणीचा कोपरा बारा चौरस फूट. एक वाटा तिचा आणि एक येणाऱ्या लेकराचा! बाळासाठी जागा करणं म्हणतात ते हे. आणि अशी खोली एकच नव्हती, अशा कितीतरी पाहिल्याचं बार्न्सबाईंनी नोंदवलं आहे. तळघरातल्या खोल्या याहून वाईट, तिथं ऊन कधी पोचतच नसे.

याच काळात, 1921-22 मध्ये, सरकारच्या कामगार कार्यालयानं कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. त्यात मुंबईतली 97 टक्के कामगार कुटुंबं एकाच खोलीत राहताना आढळली. मुंबईतल्या बालमृत्यूंची 1921 सालची आकडेवारी घराच्या खोल्यांप्रमाणे मांडलेली आहे. एक खोली किंवा तीही पुरती नसलेल्या घरांत हजार जन्मांमागे 828 मृत्यू. दोन खोल्यांत 322. तीन खोल्यांत 191. चार किंवा जास्त खोल्या असतील तर 133. यातला 828 हा आकडा थोडा फुगलेला आहे हे मान्य करू. पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी जात, जन्माची नोंद गावात होई आणि मूल मुंबईत दगावे. पण फुगवटा काढला तरी उतरंड तशीच राहते. एक खोली वाढली की मूल जगण्याची शक्यता वाढते.

आणखी एक गोष्ट बार्न्सबाईंना दिसली. कामावर जाणाऱ्या आया लेकरांना अफू देत. बाळगोळी म्हणत तिला. गिरणीतल्या बायकांच्या जवळजवळ सगळ्याच मुलांना ती मिळत होती. या आयांना अडाणी म्हणून मोकळं होणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण खोलीत चुलत सासू झोपलेली, रात्रपाळीचा दीर झोपलेला, स्वतःला भोंग्याला हजर व्हायचं, गिरणीत पाळणाघर नाही. जागलेलं मूल जागा खातं, वेळ खातं. गुंगीतलं मूल झोळीत गप्प पडून राहतं. खोली मोठी करता येत नव्हती, म्हणून बाळ लहान केलं गेलं.

आता यात जात कुठं आली, असं विचारणारा कुणीतरी असतोच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचं काम विणकाम खात्यात होतं. तिथं अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कांडीचा तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमच्या उष्ट्या धाग्याला सवर्ण कामगार तोंड लावणार नव्हता. बाबासाहेबांनी 1928-29 च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. तर साखळी अशी: धाग्याला विटाळ, म्हणून कमी मजुरीचं खातं, म्हणून भाड्याला कमी पैसे, म्हणून अर्धी खोली, म्हणून पडद्यामागचे बारा चौरस फूट. मनुस्मृती बाळंतिणीच्या कोपऱ्यापर्यंत अशी पोचते.

बाबासाहेब या खोलीला बाहेरून ओळखत नव्हते. लोअर परळच्या डबक चाळीतली रामजी सुभेदारांची एकच खोली आपल्याला ठाऊक आहे. तिथंच चूल, तिथंच धूर, तिथंच जातं आणि शेळी. दोघांना एका वेळी आडवं व्हायला जागा नाही, म्हणून भीमराव आधी झोपत आणि वडील जागत. रात्री दोनला वडील त्यांना उठवत आणि त्यांनी रिकाम्या केलेल्या जागी स्वतः पडत. जयंतीच्या भाषणांत आपण ही गोष्ट नेमकी चुकीची सांगतो. कंदील सांगतो, अभ्यास सांगतो, जिद्द सांगतो. एका माणसाच्या अंथरुणावर दोन पाळ्यांत झोपणारं घर सांगत नाही. पोरांना 'परिस्थितीवर मात करा' म्हणण्यासाठी ती खोली वापरायची आणि अशी खोली का असते ते विचारायचं नाही, हा आपल्याच व्यासपीठांचा दोष आहे.

पुढं परळच्या बी.आय.टी. चाळीत, 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत, त्यांची बावीसेक वर्षं गेली. याच वर्षांत रमाईंना पाच मुलं झाली. यशवंत तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न गेले. राजरत्न 1926 च्या जुलैत. त्यांना चाळीनं मारलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण चार लेकरं गमावलेला बाप दोन वर्षांनी, 28 जुलै 1928 रोजी, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलायला उभा राहिला, हे लक्षात ठेवून ते भाषण वाचावं.

भाषणात रडगाणं नाही. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात देशाचं हित आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा, असं त्यांनी मांडलं. पण बायकांना कामावर ठेवून मालक नफा कमावतो, तर त्यानंही वाटा उचलला पाहिजे, हेही ठणकावलं. 1929 साली मुंबई प्रांतात कायदा झाला. कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे रजा, आणि रोजचे आठ आणे. खोली तेवढीच राहिली. पण आई काही आठवडे त्या खोलीत राहू शकली, आणि तिच्या चुलीवर शिजायला काही राहिलं. बाळासाठी पहिली जागा त्या आठ आण्यांनी केली, असं मी मानतो.

दहा वर्षांनी, 10 नोव्हेंबर 1938 रोजी, स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. ठराव पडला. यावरून काही शहाणे म्हणतात, बघा, जागा नाही तर मुलं कशाला, हे तुमच्या बाबासाहेबांचंही मत होतं. साफ खोटं. त्या भाषणाचा कणा वेगळा आहे. कोणत्याही कारणानं बाईला मूल नको असेल तर ते टाळता आलं पाहिजे, आणि निवड पूर्णपणे तिची असली पाहिजे. तिथं निवड घरमालकाची नाही, सरकारची नाही, नवऱ्याचीही नाही. गरिबाला 'कमी व्हा' म्हणणं आणि बाईला 'तू ठरव' म्हणणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

सोलापूरही गिरण्यांचंच गाव. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. पण इथं मुंबईपेक्षा वेगळी एक जागा होती. आजही त्या भागाला लोक सेटलमेंट म्हणतात. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, मांगगारुडी अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं आणि त्यांतले कित्येक गिरण्यांत राबत. हजेरी देऊन बाहेर, हजेरी देऊन आत. इथं खोलीची मापं काढण्यात अर्थ नाही, कारण 1911 आणि 1924 च्या कायद्यांनी सरकारला सहा ते अठरा वर्षांचं मूल आईबापांपासून काढून वेगळ्या संस्थेत ठेवायचा अधिकार दिला होता. जन्मलेल्या लेकरावर सहा वर्षांची मुदत टाकलेली! देशभरात तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. कुंपण गेलं, नाव राहिलं.

गिरण्या पडल्या तेव्हा सोलापुरात काम घरात शिरलं. विडी, यंत्रमागाची किरकोळ कामं, शिलाई. विडीच्या 1966 च्या कायद्यात पन्नासहून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर सांगितलं होतं. पण विडी वळली जाते घरात, सुपातल्या तंबाखूच्या शेजारी लेकरू निजतं. खोलीच कारखाना झाली की पाळणाघर कुणाकडं मागायचं? या बायकांच्या बाजूनं सोलापुरात मोठं काम उभं राहिलं ते कुंभारीला. लाल बावट्याशी आपले मतभेद असतील, आहेतच, पण आधी गोदूताई परुळेकरांच्या नावाची 10 हजार विडी घरकुलं आणि नंतर रे नगरची 30 हजार घरांची योजना, हे श्रेय नाकारता येत नाही. रे नगरच्या 15 हजार घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 ला दिल्या गेल्या. ज्या केंद्रीय योजनेतून ती झाली त्यात या गटाच्या घराला 30 चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा आहे. सव्वातीनशे चौरस फूट. बार्न्सबाईंच्या खोलीशी तुलना केली तर महाल. पण त्यातच शिलाई मशीन, त्यातच तंबाखूचं सूप आणि त्यातच बाळ, हा हिशेब योजनेत कुठं धरलेला नाही. घर राहण्यासाठी मोजलं, बाई मात्र त्यात राबतेही.

माझ्या मित्राचं नाव तर कुठल्याच यादीत नाही. त्याची बायको एका छोट्या युनिटात शाळेचे गणवेश शिवते. तिथं आठ बाया. 2017 च्या दुरुस्तीनं आईला 26 आठवड्यांची पगारी रजा दिली, पण दहा माणसांच्या आतल्या दुकानाला तो कायदा लागत नाही. म्हणून सातव्या महिन्यात मशीन घरी आलं आणि काम नगावर सुरू झालं. बाळंतपणानंतर विसाव्या दिवशी ती पुन्हा पायडलवर बसली.

नामकरणाच्या दिवशी मी विचारलं, झोळी का नाही बांधली? मालकानं स्लॅबला भोक पाडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मग कुणाकडून तरी लोखंडी पायपाचा पाळणा मागून आणला. तो ठेवायला मशीन दारात सरकवलं, आणि दार आता अर्धंच उघडतं. जाताना मला तिरकं होऊन बाहेर पडावं लागलं. आई मागून म्हणत होती, "जपून जावा, मशीनला धक्का लागंल."