टीकेचा पत्ता

टीकाग्रंथाचा हवाला पानाच्या आकड्याने देत नाहीत. टीका ज्या श्लोकावर किंवा सूत्रावर आहे, त्याच्या आकड्याने देतात. ‘गी. शां. भा. २.११’ एवढी खूण पुरते: गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या अकराव्या श्लोकावरचे शंकराचार्यांचे भाष्य. बायबलवरच्या टीकांचीही हीच रीत आहे. तिथे पुस्तक, अध्याय आणि वचन हा पत्ता असतो. टीका कितीही थोर असली, तरी तिला स्वतःचे घर नसते. ती मुळाच्या घरी राहते आणि तिचा पत्ताही तोच असतो.

याचे कारण पोथीच्या घडणीत आहे. नकलकाराचे अक्षर मोठे असले की पाने वाढत, बारीक असले की कमी होत. त्यामुळे एका पोथीतले चाळिसावे पान दुसरीत कुठे सापडेल याचा भरवसा नसे. टीकाकारही पूर्ण श्लोक उतरवून घेत नसे; श्लोकाचा पहिला शब्द किंवा दोन शब्द लिहून तो विवरणाला लागे. या शब्दांना ‘प्रतीक’ म्हणत. त्रिपाठी पोथीत मूळ ग्रंथ मधोमध ठसठशीत अक्षरात आणि टीका वर-खाली बारीक अक्षरात लिहीत, म्हणजे वाचकाची नजर एकाच पानावर फिरे. आधीच्या आचार्यांचे मत घ्यायचे झाले, तर टीकाकार बहुधा नुसते नाव घेई, नाहीतर ‘केचित्’ म्हणजे ‘कोणी म्हणतात’ असे लिहून पुढे जाई. हे ‘कोणी’ नेमके कोण, हे शोधण्यात पुढच्या पंडितांची बरीच वर्षे गेली आहेत.

मराठीत या प्रश्नाला एक वेगळीच गाठ आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, पण तिचा मान मूळ ग्रंथाचा. म्हणून तिचा हवाला गीतेच्या श्लोकाने देत नाहीत. अध्याय आणि ओवी यांनी देतात. आणि ओवीचा आकडा सगळीकडे सारखा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले. त्या परंपरेतल्या छापील प्रती आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत यांचे ओवीक्रमांक जुळत नाहीत. तेव्हा ‘ज्ञा. १३.’ असे लिहून पुढे ओवीचा आकडा घातला आणि प्रतीचे नाव गाळले, तर तो हवाला अर्धाच राहतो. मराठी प्रबंधांत ही चूक इतकी सर्रास दिसते, की परीक्षकही तिकडे काणाडोळा करतात.

बायबलच्या अभ्यासातही असाच घोळ आहे. त्यातले अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांच्या नावाशी जोडलेल्या विभागणीने रूढ झाले आणि वचनांचे आजचे आकडे रोबेर एस्त्येन या मुद्रकाने १५५१ च्या नव्या करारात घातले. स्तोत्रसंहितेत मात्र हिब्रू पाठ शीर्षकालाही आकडा देतो. इंग्रजी आणि त्यामागोमाग मराठी भाषांतरे तो देत नाहीत. म्हणून एक्कावन्नाव्या स्तोत्राचे पहिले वचन हिब्रूत तिसरे ठरते. हिब्रू पाठावरची टीका वापरणाऱ्याने आकडा कोणत्या पाठाचा, हे सांगायलाच हवे.

आकडा बिनचूक असला तरी काही वेळा तो पुरत नाही. ब्रह्मसूत्राच्या पहिल्या सूत्रावर शंकराचार्यांचे भाष्य, त्यावर वाचस्पती मिश्रांची ‘भामती’, तिच्यावर यादवांच्या काळात अमलानंदांनी लिहिलेला ‘कल्पतरु’ आणि त्यावर अप्पय्य दीक्षितांचा ‘परिमल’ अशी उतरंड आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ती एकाच ग्रंथात छापली. इथे ‘१.१.१’ म्हणणे म्हणजे गावाचे नाव सांगून घर शोधायला लावणे. आवृत्तीचे नाव आणि पान दिल्यावाचून वाचक तिथवर पोचत नाही. उलटही घडते. शंकराचार्यांचे श्लोकवार गीताभाष्य दुसऱ्या अध्यायातच सुरू होते, पहिल्या अध्यायावर ते नाही. तळटीपेत ‘गीता १.१ वरील शांकरभाष्य’ दिसले, की लेखकाने ग्रंथ उघडलेला नाही हे कळते.

छपाईने पत्त्याला शिस्त लावली. महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या आनंदाश्रमाने संस्कृत ग्रंथ टीकांसह छापले आणि प्रत्येकाला मालेतला ग्रंथांक दिला. अशा मालांमुळे संदर्भसूचीत मालेचे नाव आणि अंक लिहिण्याची सवय पडली. बायबलच्या टीकांमध्ये अशा माला फार. १८९५ मध्ये सुरू झालेली ‘इंटरनॅशनल क्रिटिकल कॉमेंटरी’ ही त्यांतली एक नामांकित माला. अशा खंडाची नोंद टीकाकाराच्या नावाने करतात, मालेच्या संपादकाच्या नावाने नाही. मालेचे नाव शीर्षकानंतर येते. अनेकांनी मिळून लिहिलेला खंड असेल, तर ज्याचा भाग वापरला त्याचे नाव आधी येते. सगळे श्रेय संपादकाच्या पदरात टाकणे हा तिथला नेहमीचा दोष.

मराठीत या शिस्तीचा ठळक नमुना टिळकांचे ‘गीतारहस्य’ (१९१५). ग्रंथाच्या आरंभी संक्षिप्त चिन्हांचा खुलासा आहे. त्यामुळे मजकुरात कंसातल्या दोन अक्षरांवर आणि आकड्यांवर काम भागते. परिशिष्टाच्या शेवटच्या भागात गीता आणि बायबल यांची तुलना आहे. तिथे शुभवर्तमानांची वचनेही गीतेच्या श्लोकांप्रमाणेच अध्याय-वचनाच्या आकड्यांनी येतात. दोन धर्मांचे ग्रंथ एकाच पद्धतीच्या तळपट्टीवर मांडलेले मराठी वाचकाला तिथे दिसतात. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या पाच खंडी इतिहासात (१९३०–१९६२) हीच रीत तळटीपांत नेली: ‘मिताक्षरे’चा पत्ता याज्ञवल्क्याच्या श्लोकाच्या आकड्याने. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारतात तर टीकाकार एका-दोन अक्षरांवर आले. कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर तिथे पाठभेदांच्या ओळीत ‘सीएन’ या रोमन खुणेने ओळखले जातात.

सातारा जिल्ह्यातल्या वाईत प्राज्ञपाठशाळेच्या ‘धर्मकोशा’ने हे काम उलट दिशेने केले. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९३७ मध्ये व्यवहारकांडाचा पहिला भाग निघाला. त्यात मूळ वचन वर आणि त्यावरच्या निरनिराळ्या टीका खाली, ग्रंथांच्या संक्षेपांसह, एकत्र केल्या आहेत. म्हणजे तळटीपच ग्रंथ झाली. वाचकाला दहा पुस्तके चाळावी लागत नाहीत, पण उतारा धर्मकोशातून घेतला तर तसे नोंदवावे लागते. आयता मिळालेला हवाला स्वतः शोधल्यासारखा दाखवणे हे पंडितांतही घडते.

याच मुलुखातल्या शिराळ्यात, म्हणजे बत्तीस शिराळ्यात, समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे. रामदासी वाङ्मयात दासबोधाचा पत्ता तीन आकड्यांचा असतो: ‘दा. २.९.१’ म्हणजे दुसरा दशक, नववा समास, पहिली ओवी. मारुतींना असा ठरलेला क्रम नाही. रामदासांच्या शिष्या वेणाबाई यांच्या नावावरच्या अभंगात शिराळ्याचा मारुती सातवा येतो. स्थापनेच्या रूढ शकांप्रमाणे, शके १५७६ मुळे, तो शेवटचा ठरतो. ‘सातवा मारुती’ असे लिहिणाऱ्याने अभंगाचा हवाला द्यावा, ‘अकरावा’ लिहिणाऱ्याने शकाचा. खुद्द गावाच्या नोंदीतही असाच पेच आहे. १८८५ च्या मुंबई गॅझेटियरच्या एकोणिसाव्या खंडात शिराळा सातारा जिल्ह्यात, वाळवा तालुक्याचा पेटा म्हणून येतो. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. संदर्भसूचीत मात्र त्या खंडाचे नाव ‘सातारा’ असेच राहते. आजच्या नकाशाप्रमाणे ते बदलले, तर ग्रंथालयात तो खंड सापडत नाही.