पुढे पाठ, मागे सपाट

नवा धडा घोकावा आणि मागचा पुसून जावा, अशा विद्यार्थ्याला आपले जुने मास्तर ‘पुढे पाठ, मागे सपाट’ म्हणत. ही व्याधी यंत्रासही जडते, हे १९८९ साली मायकेल मॅक्लॉस्की आणि नील कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. संगणकातील एका लहानशा कृत्रिम मज्जाजालाला त्यांनी प्रथम एकाच्या बेरजा शिकविल्या. त्या पक्क्या झाल्यावर दोनाच्या बेरजांना हात घातला, तो थोड्याच आवर्तनांत एकाच्या बेरजा साफ कोलमडल्या. माणूस विसरतो तो हळूहळू. हे विस्मरण मात्र भिंत खचावी तसे होते. कारण अशा जालात प्रत्येक माहितीला स्वतंत्र कप्पा नसतो. सारे ज्ञान त्याच त्या अंकांत मिसळून राहते. नव्यासाठी ते अंक हलविले की जुनेही हलते.

२०१७ साली जेम्स कर्कपॅट्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय सुचविला : जुन्या कामास जे अंक महत्त्वाचे, ते जणू स्प्रिंग लावून जागच्या जागी ओढून धरावेत. परंतु तोवर मॉडेलेच अवाढव्य होऊ लागली होती. २०२० च्या जीपीटी-३ मध्ये असे १७,५०० कोटी अंक होते. दर नव्या कामासाठी ते सगळे बदलावयाचे आणि निराळी प्रत बाळगावयाची, हा खर्च झेपणार कोणाला?

काटकसरीतूनच पुढची वाट निघाली. २०१९ साली नील हौल्सबी आदींनी मूळ अंक गोठवून मध्ये लहान नवे थर बसविले. २०२१ साली एडवर्ड हू आदींची ‘लोरा’ पद्धत आली. समजा, हजार ओळी आणि हजार स्तंभांचा एक कोठा आहे. त्यात दहा लाख अंक. त्याला हात न लावता शेजारी आठ स्तंभांचा एक व आठ ओळींचा एक, असे दोन अरुंद कोठे ठेवावयाचे आणि त्यांचा गुणाकार मुळात मिळवावयाचा. शिकवावे लागतात ते केवळ १६,००० अंक.

वीस वर्षे कचेरीत काढलेल्या मला ही युक्ती ओळखीची वाटली. नियमपुस्तक आम्ही पुन्हा छापीत नाही. दुरुस्तीची चिठ्ठी डकवितो. चिठ्ठी काढली की मूळ मजकूर शाबूत! मात्र ती चिकटलेली असेतो वाचणारा चिठ्ठीच वाचतो. म्हणून लोरानेही विस्मरण पुरते टळत नाही. २०२४ च्या एका अभ्यासात, गणित आणि प्रोग्रॅमिंग शिकविताना, ही पद्धत सर्व अंक बदलण्याच्या मानाने कमी विसरते, पण शिकतेही कमी, असे आढळले.

आपल्याला हा हिशेब परका नाही. जीपीटी-३ ने वाचलेल्या मजकुरातील सुमारे ९३ टक्के शब्द इंग्रजी होते. अशा यंत्राला मराठी शिकवू पाहणाऱ्याला चिठ्ठी किती रुंद ठेवावी, हे आधी ठरवावे लागते.