छपरावरची तार आणि उषा मेहता

मैत्रिणींनो, कपडे वाळत घालायला आपण दोरी बांधतो ना, तशीच तांब्याची तार पूर्वी रेडिओसाठी छपरावर ताणत. दोन्ही टोकांना चिनीमातीचे इन्सुलेटर, आणि तिथून खिडकीतून थेट रेडिओत. तार लांब नि उंच असली की शॉर्टवेव्हवरचं दूरचं, दुबळं स्टेशनही पकडायची. आभाळ गडगडलं की मात्र रेडिओपासून सोडवून ठेवायची!

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईतून ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. वर्तमानपत्रांना बंदी असलेल्या बातम्या त्यावर येत. बोलणाऱ्यांत उषा मेहता होत्या, वय अवघं २२. आमच्या गटातल्या कित्येक मुलींएवढं! पोलीस मागावर, म्हणून जागा सारखी बदलायची. १२ नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या. चौकशीत साथीदारांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याच्या तुरुंगात.