सी, ए आणि आय

ओउमुआमुआची गोष्ट मला आवडते ती तिच्या नावापासून. हे हवाईयन नाव नंतरचं. मी म्हणतोय ते दफ्तरी नाव, जे तीन आठवड्यांच्या आत दोनदा बदललं.

19 ऑक्टोबर 2017 रोजी हवाई बेटांतल्या हालेआकाला शिखरावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या छायाचित्रांत रॉबर्ट वेरिक यांना एक हलता ठिपका दिसला. त्याचा मार्ग सूर्याभोवती मिटत नव्हता. सूर्याला वळसा घालून तो 9 सप्टेंबरलाच परतीला लागला होता. म्हणजे पाहुणा दिसला तोवर दाराबाहेर पडलाही होता. बाहेरून येणारं काही सापडलंच तर तो धूमकेतू असणार, असा जुना अंदाज. म्हणून नाव पडलं सी/2017 यू1. ‘सी’ धूमकेतूचा. पण मोठ्या दुर्बिणींना ना शेपूट दिसलं, ना धूळ. मग ‘सी’ खोडून लघुग्रहाचा ‘ए’ आला. 6 नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने आंतरतारकीय वस्तूंसाठी नवं अक्षर काढलं, ‘आय’, आणि नोंद झाली 1आय. कुठून आली एवढंच हे अक्षर सांगतं. काय आहे, ते सांगत नाही.

सिगारसारखी लांबुळकी, तांबूस शिळा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ते चित्रकाराचं काम. प्रत्यक्षात कुणालाही ठिपक्यापलीकडे काही दिसलेलं नाही. साधारण सात-आठ तासांत त्याचा प्रकाश जवळजवळ दसपट कमी-जास्त होई, त्यावरून लांबटपणा ठरवला. पुढे काहींनी दाखवलं की चपटी चकतीही तसाच प्रकाश देईल, किंबहुना अधिक चांगला जुळेल. चित्र मात्र बदललं नाही.

खरी पंचाईत जून 2018मध्ये झाली. मार्को मिकेली आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की ही वस्तू निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने जात नाही. सूर्यापासून दूर ढकलणारा एक बारीक जोर आहे, सूर्याच्या ओढीच्या सुमारे हजाराव्या भागाइतका. धूमकेतूंत असं होतं, ऊन लागून वायू सुटतो आणि उलटा रेटा बसतो. पण इथे वायू दिसेना. स्पिट्झर दुर्बिणीला तर वस्तूच दिसली नाही.

त्याच वर्षी हार्वर्डच्या श्मुएल बियाली आणि अवी लोब यांनी लिहिलं की हा रेटा सूर्यप्रकाशाचा असेल, तर वस्तू जेमतेम मिलिमीटरभर जाडीची हवी, आणि असा पत्रा कृत्रिमही असू शकेल. प्रकाशाचं शीड! मी हे वाचलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, रात्री उशिरापर्यंत जागलो. नंतर शंका आली. गटांगळ्या खात जाणारं शीड कसलं? ग्रीन बँक दुर्बिणीने कान लावला होता, एकही संदेश ऐकू आला नव्हता.

तरी लोब यांची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. कारण प्रतिपक्षाकडेही पाहिलेली वस्तू नव्हती. 2020मध्ये सेलिगमन आणि लाफलिन यांनी गोठलेल्या हायड्रोजनचा हिमखंड सुचवला. तो वाटेतच उडून जाईल, हे लोब आणि होआंग यांनी आकडे मांडून सांगितलं. 2021मध्ये जॅक्सन आणि डेश म्हणाले, दुसऱ्या एखाद्या प्लूटोसारख्या ग्रहाचा नायट्रोजन-बर्फाचा टवका. मग एवढे टवके उडवायला प्लूटो तरी किती लागतील, असा प्रश्न आला. म्हणजे परग्रहवासीयांना नको म्हणणाराही न पाहिलेलंच काहीतरी मागत होता. माझी लोब यांच्यावरची तक्रार वेगळी आहे: दुसऱ्यांच्या कल्पनेला लावलेली कडक फूटपट्टी त्यांनी आपल्या शिडाला लावली नाही.

2023मध्ये जेनिफर बर्गनर आणि सेलिगमन यांनी साधा मार्ग काढला. साधं पाण्याचं बर्फ. प्रवासात वैश्विक किरणांनी त्यात हायड्रोजन तयार होऊन अडकतो, आणि ऊब मिळाली की सुटतो. धूळ उडत नाही, आणि तो वायू त्या दुर्बिणींना दिसलाही नसता. लोब यांची यालाही हरकत आहे. मला ती निर्णायक वाटत नाही.

पण माझ्या मते या वादाचं सर्वांत मोठं फळ घराजवळच पिकलं. शेपूट नाही, पण मार्ग मात्र धूमकेतूसारखा ढळतो, असे ‘लघुग्रह’ पृथ्वीच्या आसपासच सापडू लागले. 2024अखेर ते चौदा झाले. त्यांना काळे धूमकेतू म्हणतात. त्यांच्यापुढे ना ‘सी’ धड बसतो, ना ‘ए’.

मधल्या काळात 2019मध्ये क्रिमियातल्या गेनादी बोरिसोव्ह यांनी स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून 2आय शोधला. तो इतका रीतसर धूमकेतू निघाला की वादाला जागाच उरली नाही. 1 जुलै 2025ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला 3आय सापडला. याला वायूचं आवरण आहे, त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर. लोब यांनी पुन्हा कृत्रिमपणाची शंका काढली. फरक एवढाच, की हा येताना दिसला. महिनोन्‌महिने पाहता आला, मोजता आला. पहिल्याबद्दल आपल्याकडे अडीच महिन्यांचे ठिपके आहेत. हबलने जानेवारी 2018मध्ये टिपला तो शेवटचा.