व्हाइटहेड गट

व्हाइटहेड गट : गटवलयांच्या बैजिक के-सिद्धांतातील एक क्रमनिरपेक्ष गट. दिलेल्या गटाच्या घटकांना पूर्णांकी सहगुणक लावून केलेल्या सांत बेरजांचे जे वलय होते, ते त्या गटाचे गटवलय होय. या वलयावरचे व्यस्त असलेले चौरस आव्यूह घेऊन, त्यांचा आकार हवा तितका वाढवण्याची मुभा ठेवून, एका ओळीची पट दुसरीत मिळवण्याच्या क्रियेने जे एकमेकांपासून मिळतात ते एकच मानले, तर के-१ हा गट मिळतो. त्यात मूळ गटाचे घटक व त्यांची ऋण रूपे क्षुल्लक धरली की व्हाइटहेड गट उरतो.

ही कल्पना मद्रास येथे १९०४ मध्ये जन्मलेले ब्रिटिश गणितज्ञ जे. एच. सी. व्हाइटहेड यांची असून तिचा उगम संस्थितिविज्ञानात आहे. पाच किंवा अधिक मितींच्या दोन बंदिस्त बहुविधांना जोडणारा, दोन्ही टोकांकडे सलगपणे आकसवता येणारा अवकाश खरोखर साध्या नळकांड्यासारखा आहे की नाही, याचा निर्णय बहुविधाच्या मूलभूत गटापासून मिळणाऱ्या व्हाइटहेड गटातील एकच घटक करतो, असे बार्डेन, मेझर व स्टॉलिंग्ज यांनी दाखवले.

पाच घटकांच्या चक्रीय गटात क्ष हा जनक घेतला, तर १ मधून क्ष व त्याचा चौथा घात वजा करून येणाऱ्या बेरजेला, १ मधून क्षचा दुसरा व तिसरा घात वजा करून येणाऱ्या बेरजेने गुणल्यास बाकी सर्व पदे परस्परांना खोडतात आणि १ उरतो. म्हणजे पहिली बेरीज हे गटवलयातील क्षुल्लक नसलेले एकक (व्यस्त असलेला घटक) असून त्यामुळेच येथे व्हाइटहेड गट अनंत होतो. याउलट अनंत चक्रीय गटासाठी तो शून्य असल्याचे हिगमन यांनी १९४० मध्ये सिद्ध केले, म्हणजे व्हाइटहेड गट शून्य नसण्याचे कारण गटाच्या अनंतपणात नसून त्यातील सांत क्रमाच्या घटकांत असावे. सांत क्रमाचे घटक असूनही चार घटकांच्या चक्रीय गटाचा व्हाइटहेड गट शून्य असतो. पण त्याचा अनंत चक्रीय गटाशी गुणाकार केला की बास, हेलर व स्वान यांच्या सूत्रातील निल-पदे (शून्यघाती आव्यूहांपासून येणारी पदे) शून्य राहत नाहीत आणि सांत संख्येच्या जनकांनी निर्माण न होणारा व्हाइटहेड गट समोर येतो. 

फॅरेल व जोन्स यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या अटकळीनुसार कोणत्याही गटाच्या गटवलयाचा के-सिद्धांत त्या गटाच्या सांत किंवा जवळजवळ चक्रीय (सांत निर्देशांकाचा चक्रीय उपगट असलेल्या) उपगटांवरून बांधता येतो, आणि गटात सांत क्रमाचे घटक नसतील तर व्हाइटहेड गट शून्यच निघतो. अतिपरवलयी गटांसाठी ती बार्टेल्स, ल्युक व राइश यांनी २००८ मध्ये सिद्ध केली. सर्व गटांसाठी ती अद्याप सिद्ध झालेली नाही.