काळाचौकीची गिरणी आणि आमचा खेड तालुका

मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनची जुनी गिरणी आहे. तिथं महापालिकेनं वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायला घेतलं. बातमी मुंबईची, पण खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ इथल्या माणसांनी ती जरा निरखून वाचावी अशी आहे. गिरणगाव जेवढा कोकणच्या आणि घाटावरच्या इतर माणसांनी उभा केला, तेवढाच आमच्या या तालुक्यांनीही केला.

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढं कापसाच्या पैशावर गिरण्यांची रांगच लागली. इंडिया युनायटेडच्या गिरण्या मूळच्या ससून घराण्याच्या. १९४३ साली त्या विकल्या गेल्या आणि हे नवं नाव पडलं. १९७४ साली आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, तशा त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या म्हणजे एनटीसीच्या ताब्यात आल्या.

गिरणीची इमारत म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. साचेखात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असायचं. उजेड उत्तरेकडून आत यावा, पण ऊन साच्यावर पडू नये, म्हणून ती युक्ती. आवारात तळं असायचं, कारण बॉयलरला आणि वाफ थंड करायला पाणी लागे. आतली हवा मुद्दाम दमट ठेवत. कोरड्या हवेत सूत तुटतं. सूत जपायला जी हवा बरी, तीच माणसाच्या छातीला वाईट. कापसाची पूस नाकातोंडात जायची. आमचे दादा लालबागच्या एका गिरणीत साचे चालवायचे. सुट्टीत गावी आले की पहिले दोन दिवस खोकण्यातच जायचे. आणि बोलायचे मोठ्यानं. आई म्हणायची, "अवो, हितं साचं नाहीत, हळू बोला की."

दादांसारखे गावचे वीस-पंचवीस जण एका गाळ्यात राहत. पाळीनं कामाला आणि पाळीनंच झोपायला. बदली कामगारानं रोज गेटवर उभं राहायचं. कुणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर परत. जेवण खानावळीत. महिन्याची मनिऑर्डर आली की गावात उधारी फिटायची, बैल बदलायचा, विहिरीचं खोदकाम दोन हात पुढं सरकायचं. शेताचा खर्च गिरणीनं चालवला आणि गिरणीला माणसं शेतानं पुरवली.

याच वाटेनं आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाची लॉरी अडवताना तो चिरडला गेला. कापड विणणाऱ्या माणसानंच कापडासाठी जीव दिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. "महिन्याभरात मिटंल," म्हणून माणसं गावी आली. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. दादांची गिरणी उघडली तेव्हा त्यांना आत घेतलं नाही. हिशेबाचे पैसेही पूर्ण मिळाले नाहीत.

मुंबई सुटलेली माणसं मग पिंपरी-भोसरीकडं वळली. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली होती, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर कारखान्यांची दाटी वाढली होती. पण तिथं आयटीआय झालेली पोरं हवी होती. चाळिशी ओलांडलेल्या साचेवाल्याला कोण घेतो? दादांना एका शेडवर रात्रपाळीची राखण मिळाली. साच्यावर चालणारा हात काठी धरून बसला. पुढं चाकणच्या कांद्याच्या रानात वसाहत आली. मनिऑर्डरीवर राखलेली जमीन आमच्या भावकीतल्या बऱ्याच जणांनी एमआयडीसीला दिली.

इकडं मुंबईत गिरण्यांच्या जमिनीला भाव आला. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते: महापालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जागेची ठरली आणि पहिले दोन वाटे आक्रसले. म्हाडानं कामगारांच्या घरांची मोठी सोडत काढली ती २०१२ साली, ६,९२५ घरांची. संपाला तेव्हा तीस वर्षं झाली होती. काळाचौकीची गिरणी महापालिकेकडं आली म्हणून टॉवरऐवजी तिथं संग्रहालय ठरलं, हे चांगलंच झालं.

तळं, कारंजं, भिंतीवरची चित्रं, जुने साचे सगळं असावं. पण मस्टरसुद्धा तिथं दिसायला हवं: कुठल्या गावचा माणूस, कुठल्या खात्यात, किती वर्षं बदली. साचा यंत्र आहे, तो तेल घालून ठेवता येतो. माणसाची नोंद ठेवली नाही तर ती दोन पिढ्यांत पुसते. आमच्या घरी दादांचं गेटपास तेवढं उरलंय. तेही फोटोतून चेहरा गेलेलं.

पिंपरी-चिंचवडलाही हे आत्ताच लागू आहे. इथले जुने कारखाने एकेक करून थंडावतायत, जागी इमारती उठतायत. पाट्या, हजेरीपटं, कँटीनची कुपनं अजून घराघरांत आहेत. ती रद्दीत जायच्या आत कुणीतरी मागायला हवीत.