इंग्रजीतील 'तू'चा अस्त

आज बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत वर्तमानकाळी क्रियापद कर्त्याच्या सर्वनामानुसार जवळजवळ बदलतच नाही; 'आय', 'यू', 'वुई' आणि 'दे' या चारही सर्वनामांपुढे 'सिंग' हेच रूप चालते, आणि केवळ 'ही', 'शी' व 'इट' या तृतीय पुरुषी एकवचनी सर्वनामांपुढे त्याचे 'सिंग्ज' होते. विशेषणाची स्थिती याहून सोपी आहे: मराठीत 'चांगला मुलगा', 'चांगली मुलगी', 'चांगले मूल' असा भेद करावा लागतो, तर इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'गुड' जसाच्या तसा राहतो. हा सुटसुटीतपणा त्या भाषेचा मूळ स्वभाव आहे, असे मानणे मात्र चूक ठरेल.

सुमारे इ. स. ११०० पर्यंतच्या इंग्रजीत, जिला अभ्यासक प्राचीन इंग्रजी म्हणतात, विशेषण नामाच्या लिंग, वचन व विभक्तीप्रमाणे बदलत असे, आणि गाण्याच्या क्रियापदाची रूपे 'मी'साठी 'सिंगे', 'तू'साठी 'सिंगेस्ट', 'तो'साठी 'सिंगेथ' आणि सर्व अनेकवचनांसाठी 'सिंगाथ' अशी होत. संस्कृतातील 'भवसि' आणि 'भवति' यांच्या अंती येणारे 'सि' व 'ति' हे प्रत्यय आणि इंग्रजीतील हे 'स्' व 'थ्' एकाच मूळ भाषेतून उतरले आहेत.

इ. स. ७९३ मध्ये लिंडिस्फार्नच्या मठावर हल्ला करणाऱ्या व पुढील शतकात उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वस्ती करून राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांची भाषा इंग्रजीची जवळची बहीण होती. दोहींतील शब्दांचे धातू बहुधा सारखे आणि प्रत्यय तेवढे वेगळे असल्यामुळे, शेजाऱ्याशी बोलताना प्रत्ययांचे महत्त्व कमी झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. सर्वनामासारखा भाषेच्या गाभ्यातला शब्द सहसा उसना घेतला जात नाही, परंतु 'दे', 'देअर' आणि 'देम' ही तिन्ही रूपे या वसाहतवाल्यांकडून आली. त्यांचा प्रसार इतका सावकाश झाला, की १४०० मध्ये निधन पावलेला कवी चॉसर 'दे' वापरतो, पण 'त्यांना' या अर्थी जुने 'हेम'च लिहितो. तृतीय पुरुषाचा आजचा 'स' हाही उत्तरेकडूनच लंडनला पोहोचला. शेक्सपियरच्या नाटकांत 'हॅथ' आणि 'हॅज' शेजारीशेजारी आढळतात.

या सर्व बदलांपैकी सामाजिक इतिहास सर्वांत स्पष्टपणे दाखवतो तो 'थाउ'चा, म्हणजे इंग्रजीतील 'तू'चा, लोप. मुळात 'थाउ' एकवचनी आणि 'यी' अनेकवचनी होते, व 'यू' हे त्या अनेकवचनाचे कर्मरूप, म्हणजे 'तुम्हाला', होते. तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावाने एकाच प्रतिष्ठित व्यक्तीलाही अनेकवचनी संबोधण्याची प्रथा पडली, आणि 'थाउ' आप्तांसाठी, लहानांसाठी, नोकरांसाठी व तिरस्कारासाठी उरले. १६०३ मध्ये वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात त्याला मुद्दाम 'थाउ' म्हणून अपमानित केले. मराठीत अहो-जाहोवरून एकदम अरे-तुरेवर येण्याची धार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स व त्याचे क्वेकर पंथीय अनुयायी यांनी ही उतरंड नाकारली. ईश्वरापुढे सर्व माणसे समान असल्याने एका व्यक्तीला अनेकवचन लावणे असत्य आहे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून न्यायाधीशालाही ते 'थाउ'च म्हणत, आणि त्यापायी त्यांनी शिवीगाळ आणि मार सोसला. एका सर्वनामासाठी इतके सोसणाऱ्या माणसांची निष्ठा आदरास पात्र आहे. समाजाने मात्र उलट मार्गाने समता साधली: कोणाचा अवमान होऊ नये म्हणून सर्वांनाच 'यू' म्हटले जाऊ लागले, आणि 'थाउ'बरोबर 'एस्ट' हा प्रत्ययही प्रमाण बोलीतून गेला.

एकवचनी झालेल्या 'यू'ला क्रियापद कोणते लावावे, हा प्रश्न त्यानंतर उरला. अठराव्या शतकात एका व्यक्तीला उद्देशून 'यू वॉज' असे म्हणणारे सुशिक्षित लोकही पुष्कळ होते, आणि त्यामुळे वचनभेद टिकण्याची एक सोय झाली होती. परंतु १७६२ च्या आपल्या व्याकरणात रॉबर्ट लाउथ या धर्मपंडिताने हे रूप अशुद्ध ठरवले आणि शालेय व्याकरणांतही 'यू वेअर' हेच मान्य झाले. येथे व्याकरणकारांनी भाषेचे नुकसान केले असेच म्हणावे लागते, कारण समोर एक माणूस आहे की अनेक, हे प्रमाण इंग्रजीच्या 'यू'वरून आता कळत नाही.

१६११ च्या बायबल-भाषांतरात टिकल्यामुळे 'थाउ' आज अनेकांना भारदस्त वाटते. प्रत्यक्षात ते जवळिकीचेही सर्वनाम होते, जसे मराठी संत विठ्ठलाला 'तू' म्हणतात. यॉर्कशायरच्या बोलीत 'था' हे त्याचे रूप अजून ऐकू येते. 'तू करतोस' यातील अंत्य 'स' हा संस्कृत 'असि'चा अवशेष असून, 'सिंगेस्ट'मधील 'स्' त्याच कुळातला आहे. प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून तो नाहीसा झाला, प्रमाण मराठीत तो आजही नित्य उच्चारला जातो.